हॅलोविन गॅम्बिट : चौथ्या खेळीलाच घोडा देऊन मोकळं व्हायचं का?

चादरीतला_घोडा
नमस्कार मंडळी. इथं बुद्धिबळवाले बरेच दिसतात म्हणून धागा काढतोय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

भाचा सातवीत आहे, जुळे सोलापुरात राहतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर ४३-४४ डिग्री असताना घरात कोंडून ठेवायला म्हणून मोबाईलवर बुद्धिबळ लावून दिलं आणि आता ते खूळ उतरायचं नाव घेत नाही. तेही साधंसुधं नाही, कुठल्यातरी व्हिडिओत बघून पठ्ठ्या पांढरे मोहरे आले की एकच ओपनिंग (डावाची सुरुवात) खेळतो, हॅलोविन गॅम्बिट. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं किंवा मोहरा बळी देऊन हल्ला मिळवायचा. (खाली नुसतं घराचं नाव असेल तर ती प्याद्याची खेळी.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. घोडा सी३ घोडा एफ६. इथपर्यंत सगळं सोज्वळ, चार घोड्यांचा डाव. आणि मग ४. घोडा ई५ वरचं प्यादं खातो. त्या प्याद्याला सी६ च्या घोड्याचा धडधडीत जोर असताना! समोरचा घोडा मारतो, हा ५. डी४ करतो आणि माझ्याकडे बघून हसतो.

क्लासच्या सरांनी सांगितलंय की हे बंद कर, नीट ओपनिंग शिक. दिवाळीच्या सुट्टीत मुलांची रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा आहे, तिथं हेच खेळणार म्हणून हटून बसलाय. बहीण म्हणते तूच समजाव. मी काय समजावू, मलाच तो हरवतो. तर जाणकारांनी सांगा, यात खरंच दम आहे का नुसता धिंगाणा आहे?

वजीर_आडवा
वाचतोय. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

पार्कचौक_पटवाला
मालक, खेळू द्या की पोराला! मी रात्री जेवण झाल्यावर ३ मिनिटांचे डाव खेळतो लिचेस साइटवर, पांढरे आले आणि समोरच्यानं चार घोडे मांडले की मी हेच मारतो आणि समोरचा पहिलं काय करतो माहितीये का, थांबतो. त्याला वाटतं माउस घसरला माझा, मग खुशीत घोडा खातो, मग डी४ आल्यावर घोडा मागं जी६ ला, मग मी ई५, आता एफ६ चा घोडा कुठं जाणार सांगा, एच५ आणि जी४ वर माझा वजीर टपलाय, डी५ आणि ई४ वर माझा घोडा, म्हणजे गपचूप जी८ ला घरी. सहा खेळ्या झाल्या, माझी दोन प्यादी मधोमध छाती काढून उभी आणि त्याचा एक घोडा तर जिथून निघाला तिथंच परत. तोपर्यंत त्याचा निम्मा वेळ विचारात गेलेला असतो. लई मजा येते राव.

जोर_धरून
मजा येते हे मान्य, पण धागाकर्त्यानं विचारलंय दम आहे का. तर उत्तर सरळ आहे, नाही. काळ्यानं नीट खेळलं तर पांढरा हरण्याच्या वाटेवर असतो, कुठलंही इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) लावून बघा. एका घोड्याच्या बदल्यात एकच प्यादं मिळालेलं असतं. राजाभोवती भगदाड पडलंय, किल्लेकोट (राजा-हत्तीची कॅसलिंगची खेळी) मोडलाय, असं काहीच नाही. नुसतं मधलं मैदान आणि दोन-तीन खेळ्यांची आघाडी. ती आघाडी जिरली की हातात काय उरतं?

मी मुलांना शिकवतो म्हणून सांगतो, काळ्याकडून दोन गोष्टी माहिती असल्या तरी बास. घोडा जी६ ला नेला असेल तर ६. ई५ घोडा जी८ ७. उंट सी४ नंतर लगेच ७...डी५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी)! प्यादं फुकट द्यायचं. ८. उंटानं डी५ खाल्लं की ८...सी६, उंटाला परत हलावंच लागतं, तो बी३ ला जातो आणि काळ्याचा उंट ई६ ला येऊन समोर ठाकतो. अडकलेले मोहरे सुटले, घोडा अजून खिशात. पांढऱ्याकडं त्या घोड्याची दोन प्यादी झाली, पण हल्ला संपला.

दुसरी वाट म्हणजे ५...घोडा सी६ आणि ६. डी५ आल्यावर घोडा हलवत बसायचं नाही, ६...उंट बी४! पांढरा ७. डीच्या प्याद्यानं सी६ चा घोडा खातो, काळा ७...घोडा ई४ चं प्यादं खातो. आता सी३ च्या घोड्यावर दोघांचा मारा आहे. पांढऱ्यानं ८. वजीर डी४ केलं तर ई४ चा घोडा, बी४ चा उंट आणि जी७ चं प्यादं, तिन्हीवर एकदम नजर जाते, दिसायला भारी. पण ८...वजीर ई७! आणि कोणी हावरटपणे ९. वजीर जी७ खाल्लं तर ९...घोडा सी३ खातो आणि ई फाईलवरून वजिराचा उघडा शह (घोडा बाजूला झाल्यानं मागच्या वजिराचा). १०. उंट ई३ मध्ये घातला की १०...घोडा डी५, आता बी४ च्या उंटाचा उघडा शह. ११. सी३, मग ११...हत्ती एफ८ ला सुरक्षित. हल्ला कोण करतंय तेच कळेनासं होतं.

सातवीतल्या मुलाला ही सवय लागली की पुढं तो डाव बांधायला शिकत नाही, समोरचा कधी चुकतो याची वाट बघायला शिकतो.

चादरीतला_घोडा
@जोर_धरून सर, दुसरी वाट पटावर मांडून बघितली, डोकं गरगरलं. भाच्याला दाखवली तर म्हणाला "मामा, हे आमच्या क्लासात कोणालाच येत नाही." आता यावर काय बोलणार.

पार्कचौक_पटवाला
भाचा १, सर ०

कंबर_तलाव
सरांशी सहमत पण अर्धाच. मी स्वतः पोरगा असताना इटालियन, रुय लोपेझ ही ओपनिंग पाठ करून स्पर्धेत जायचो, दहाव्या खेळीपर्यंत पोपटासारखं आणि अकराव्या खेळीला समोरच्यानं पुस्तकाबाहेरचं काही केलं की हातपाय गार. निदान या गॅम्बिटमध्ये पोराला प्रत्येक खेळीला विचार करावा लागतो की माझा घोडा गेलाय, आता ही खेळी फुकट घालवली तर मेलो. एक मोहरा म्हणजे किती खेळ्या, हा हिशोब पुस्तक वाचून कळत नाही, घोडा देऊन कळतो.

आणि सर, "समोरचा चुकायची वाट बघतो" म्हणालात. सातवीच्या पोरांच्या रॅपिडमध्ये दुसरं असतं तरी काय? तिथं निम्मे डाव कोणीतरी वजीर फुकट ठेवतो म्हणून संपतात.

जोर_धरून
@कंबर_तलाव हिशोब शिकायचाच तर सरावाच्या डावात शिकू दे की, कोण अडवतंय. माझा आक्षेप एवढाच की हा मुलगा एकच गोष्ट खेळतोय. शिवाय हे फक्त काळ्यानं साथ दिली तर. तिसऱ्या खेळीला घोडा एफ६ आलाच नाही, किंवा मुळात १...ई५ च्या ऐवजी सिसिलियन बचाव (१...सी५) आला, की हा मोकळा पडला. तेव्हा काय करतो विचारा त्याला.

चादरीतला_घोडा
विचारलं. म्हणाला "मग साधं खेळतो." साधं म्हणजे काय ते सांगता आलं नाही.

बुर्जी_काका
पोरांनो, मी सोलापूरच्या पूर्व भागातला, मागवाल्याचा पोरगा. आमच्या वेळी दुपारच्या वीज गेलेल्या वेळात माग बंद पडले की खाली पट पडायचा आणि देशी नियमानं खेळ चालायचा. देशीत पहिल्या चालीलाही प्यादं एकच घर जातं, राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी असते, सगळे मोहरे मारले गेले तर बुर्जी, आणि प्यादेमात केली तर त्या माणसाचा रुबाब आठवडाभर टिकायचा. त्या खेळात हे तुमचं हॅलोविन कुठून येणार, प्यादं दोन घरं उडालंच नाही तर डी४, ई५ असा धडाका लावायचा कसा? हळूहळू तटबंदी बांधायची आणि मग भिडायचं.

म्हणून मला पहिल्यांदा विलायती नियमानं असलं काही बघितलं तेव्हा बरोबर वाटलं नव्हतं. आता नातू खेळतो, तोही तेलुगूत मला शिव्या घालतो आणि मराठीत शह देतो. घोडा दिल्यावर पुढं चार-पाच खेळ्या तो पटावरून नजर काढत नाही. एरवी जेवताना मोबाईल सोडत नाही तो. एवढ्यासाठी तरी माझं मत पोराच्या बाजूनं.

वाचनखूण_२२
काका, प्रतिसाद आवडला. देशी नियमांवर वेगळा धागा काढा ना.

अडगळीतली_माहिती
थोडा इतिहास टाकतो, म्हणजे सरांना आणि पटवाल्याला दोघांनाही दारूगोळा मिळेल.

हा गॅम्बिट आजकालच्या यूट्यूबवाल्यांनी काढलेला नाही. ऑस्कर कॉर्डेल या जर्मन लेखकानं १८८८ मध्ये लिहून ठेवलंय की लाइपझिगच्या क्लबातले खेळाडू हे खेळून लोकांची दाणादाण उडवायचे. त्यानं याला नाव दिलं होतं म्युलर आणि शुल्झे गॅम्बिट, आणि ही कुणा दोन उस्तादांची नावं नाहीत, जर्मनीत म्युलर-शुल्झे म्हणजे आपल्याकडचे गण्या-गंप्या. हॅलोविन हे नाव फार नंतरचं, स्टेफन याकोब या प्रोग्रामरनं रूढ केलं. याच माणसानं १९९० च्या दशकात क्राफ्टी नावाच्या इंजिनाची एक आवृत्ती बनवली, नाव ब्राउझ, आणि ती इंटरनेट चेस क्लबवर हाच गॅम्बिट खेळत बसायची. माणसाला घाबरवायला यंत्राच्या हातात घोडा दिला म्हणा.

आता आपल्या देशातली गोष्ट. याच जातीचा दुसरा बळी आहे, कॉक्रेन गॅम्बिट. पेट्रॉफ नावाच्या ओपनिंगमध्ये १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा ई५ खातो डी६, आणि मागं जायच्या ऐवजी ४. घोडा एफ७ खातो! राजानं घोडा मारला की ५. डी४. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी, मधलं मैदान, आणि काळ्याचा किल्लेकोट गेला. जॉन कॉक्रेन हा स्कॉटलंडचा बॅरिस्टर, वकिली करायला कलकत्त्यात होता, आणि १८४८ मध्ये त्यानं तिथं हे खेळलं ते मोहेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध. हे बॅनर्जी म्हणजे साधी असामी नव्हे. उंट बाजूनं काढून दुरून मैदानावर मारा करायची त्यांची पद्धत, त्यावरूनच आजच्या 'इंडियन डिफेन्स' मंडळींना ते नाव पडलं असं मानतात. ज्या बचावाला आपण ग्रुनफेल्ड म्हणतो तो ग्रुनफेल्ड या खेळाडूनं १९२२ मध्ये खेळून नावावर केलं, बॅनर्जी कॉक्रेनविरुद्ध १८५५ मध्येच तसं खेळले होते.

आणि कॉक्रेन काही फक्त कट्ट्यावरचा नाही. १९९९ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्ह या ग्रँडमास्टरनं क्रामनिकसारख्या ग्रँडमास्टरविरुद्ध चक्क हे खेळलं. क्रामनिक! पेट्रॉफ ज्याच्या रक्तात. डाव बरोबरीत सुटला.

पार्कचौक_पटवाला
बघा बघा. टोपालोव्ह खेळू शकतो तर जुळे सोलापूरचा भाचा का नाही.

जोर_धरून
टोपालोव्ह कॉक्रेन खेळला, हॅलोविन नाही. फरक समजून घ्या. कॉक्रेनमध्ये दोन प्यादी मिळतात आणि काळ्याचा राजा उघड्यावर येतो, राजा एकदा हलला की किल्लेकोट गेला तो गेलाच. हॅलोविनमध्ये एक प्यादं मिळतं आणि काळा राजा घरी निवांत. म्हणून घोडा द्यायचाच असेल तर कॉक्रेन द्या असं मी म्हणेन, आणि हे मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतोय.

त्यात शिकण्यासारखंही जास्त आहे. उदाहरण देतो. ५. डी४ नंतर पोरं हमखास ५...घोडा ई४ चं प्यादं खातात, फुकटचं दिसतं म्हणून. मग ६. वजीर एच५ शह. राजा जी८ ला गेला तर ७. वजीर डी५ शह, मध्ये घालायला फक्त उंट ई६ ला, आणि ८. वजीर तो उंट खातो, मात. शहाणपणा करून ६...जी६ केलं तरी ७. वजीर डी५ शह आणि ई४ चा घोडा उचलला. इथं पोराला कळतं की डी५, ई४, एफ७ ही घरं एकमेकांना कशी बांधलेली आहेत. क्रामनिकनं काय केलं होतं? ५...सी५. लालच बाजूला ठेवून मैदानालाच हात घातला.

शेंगाचटणी
मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही पण धागा भारी चाललाय. घोडा, उंट, हत्ती सगळे गड्ड्याच्या जत्रेत आल्यासारखं वाटतंय.

सेफुल_स्टॉप
काय बे शेंगाचटणी, इथं पण आलास 😄

मुद्द्याचं बोलतो. कोणीच हे सांगेना की समोर हॅलोविन आलं आणि वरच्या सरांच्या लाइनी पाठ नसतील तर सामान्य माणसानं काय करायचं. घोडा परत देऊन टाका! ५. डी४ नंतर ५...उंट डी६. पांढरा ६. डीच्या प्याद्यानं ई५ चा घोडा खातो, उंट ते प्यादं खातो, मोहरे सारखे, प्यादी सारखी, भांडण खलास. पांढऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं, कारण त्याला पुढं साधा डाव खेळायचा असतो आणि तो त्याला येत नसतो.

माझ्या बघण्यात पोरं काय, मोठे पण हरतात ते घोडा धरून ठेवायच्या हट्टापायी. ५...घोडा सी६ ६. डी५ घोडा ई५ ७. एफ४ घोडा जी६ ८. ई५ घोडा जी८ ९. डी६, हा पट एकदा मांडून बघा. काळ्याचा एक घोडा जी६ ला, बाकी सगळे मोहरे मूळ जागी, आणि पांढऱ्याची प्यादी डी६, ई५, एफ४. डी७ चं प्यादं हलत नाही म्हणजे सी८ चा उंट मेल्यात जमा. सी७ च्या प्याद्यानं डी६ खाल्लं तर ई५ वालं ते परत खातं आणि आता सी३ चा घोडा बी५ वरून सी७ कडे डोळे लावून बसतो. एवढं सोसून काय मिळवलं, तर एक घोडा जास्त. इंजिन यातूनही वाट काढतं, आपण ऑफिसवरून दमून आलेले लोक नाही काढू शकत.

कंबर_तलाव
+१. "परत देऊन टाका" हे वाक्य क्लासमध्ये कोणी शिकवत नाही. जे आलंय ते धरून ठेवायचं असंच पोरांना वाटतं.

जोर_धरून
मी शिकवतो हो. 🙂 पण बरोबर आहे, ५...उंट डी६ मी वर सांगायला हवी होती असं म्हणत असाल तर, ती बरोबरीची वाट आहे, जिंकायची नाही. स्पर्धेत काळ्यानं जास्त मिळवायचा हक्क का सोडावा?

सेफुल_स्टॉप
सर, हक्क तुमचा. माझं रेटिंग बघितलंत तर तुम्हीच म्हणाल परत दे.

चादरीतला_घोडा
अपडेट. काल भाच्याचा मित्र घरी आला होता, त्याच क्लासचा, जरा चुणचुणीत आहे. पट मांडला, मी शेजारी मोबाईलवर हा धागा उघडून बसलो. तेच, ५...घोडा जी६ ६. ई५ घोडा जी८ ७. उंट सी४. मित्रानं ७...डी६ केलं (डी५ नाही, सर). भाचा ८. वजीर एफ३, एफ७ वर थेट मात टांगली. मित्रानं बघितलं आणि ८...घोडा एच६, एफ७ ला जोर दिला. बरी खेळी वाटली मला. भाच्यानं एक सेकंद न लावता ९. उंटानं एच६ चा घोडा उचलला. मित्रानं जीच्या प्याद्यानं उंट मारला आणि १०. वजीर एफ७ मात. मित्र रडकुंडीला. बहिणीनं दोघांना कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही देऊन विषय संपवला.

मला गंमत वाटली ती पुढं. मित्रानं जाताना पटावर परत मांडून विचारलं की इथं मी काय करायचं होतं, आणि भाच्यानंच त्याला ७...डी५ दाखवली. म्हणजे गाढवाला माहिती आहे!

पार्कचौक_पटवाला
हाहाहा. काय करलालाव राव, स्वतःच्या गॅम्बिटचा उतारा स्वतःच वाटायलाय.

जोर_धरून
हे वाचून बरं वाटलं, उपरोधानं म्हणत नाही. ज्याला स्वतःच्या ओपनिंगचं औषध माहिती आहे तो सापळेबाज नाही. माझं मत थोडं बदलतो. रॅपिडमध्ये खेळू दे. फिडे रेटिंगच्या लांबलचक डावात मात्र नको, तिथं समोरच्याकडं दीड तास असतो आणि दीड तासात ७...डी५ कोणीही शोधून काढतो. आणि जोडीला इटालियन तरी नीट शिकव म्हणावं, म्हणजे "साधं खेळतो" म्हणजे काय ते सांगता येईल.

एक काम द्या त्याला. काळ्यानं तिसऱ्या खेळीला घोडा एफ६ च्या ऐवजी उंट सी५ केला, तर तेच ४. घोडा ई५ खातो हे चांगलं का आहे ते शोध म्हणावं.

चादरीतला_घोडा
दिलं काम. उत्तर घेऊन येतो.

अडगळीतली_माहिती
तोवर अवांतर: हेच उलटं काळ्यानंही करता येतं. चार घोड्यांच्या डावात पांढऱ्यानं ४. जी३ केलं (ग्लेक पद्धत) तर ४...घोडा ई४ चं प्यादं खातो, ५. घोडा ई४ खातो डी५. उलटं हॅलोविन. आणि हे मूळच्यापेक्षा बरंच तब्येतीत आहे, कारण जी३ मुळं पांढऱ्याची एफ३ आणि एच३ ही घरं कमजोर झालेली असतात.

पार्कचौक_पटवाला
हे आधी का नाही सांगितलं!! आज रात्री काळे येऊ देत फक्त.

चादरीतला_घोडा
@जोर_धरून उत्तर आलं, शब्दशः देतो : "घोड्यानं घोडा खाल्ला की डी४, मग एका प्याद्यानं ई५ चा घोडा आणि सी५ चा उंट दोन्ही धरले, एक परत मिळणारच, म्हणजे घोडा दिलाच नाही." आणि पुढं म्हणाला, "पण यात मजा नाही, मामा."

जोर_धरून
उत्तर बरोबर. दुसरं वाक्य मी वाचलं नाही.